पोटखराब्यातले रहिवासी

दिवाळी आली की कोकणातल्या सड्यावरचे गवत पिवळे पडते आणि खालचा जांभा उघडा होऊ लागतो. सातबाऱ्यावर या जमिनीपुढे बहुधा एकच शब्द असतो : पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. त्या शब्दाचा आम्हाला राग आहे, कारण या जमिनीवर बेडूक आणि सरपटणारे प्राणी राहतात; यंदाचा अंक त्या रागातूनच निघाला आहे.

भारतात उभयचरांच्या चारशेहून अधिक जाती आहेत. सरपटणाऱ्यांच्या त्याहूनही जास्त. ही यादी अजून पुरती लिहून झालेली नाही. वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली काढणारा केरळातला जांभळा बेडूक विज्ञानाला कळला 2003 मध्ये, आंबोलीचा भेक 2009 मध्ये. आणि 2023च्या जागतिक पाहणीनुसार उभयचरांच्या 41 टक्के जाती संकटात आहेत.

हा भेक आंबोलीच्या आसपासच सापडतो. कातळाच्या खळग्यांत साचलेल्या उथळ पाण्यात त्याची वीण होते. पाणी आटण्याआधी पिल्लांना पाय फुटले तर ती जगली. सड्यांवर आता सुरुंग लावून, माती ओतून आंबा-काजूची कलमे उभी राहताहेत. खळगे बुजतात, सुटे दगड उचलले जातात आणि त्यांखालची फुरशी, पाली बेघर होतात. बागायतदाराला आम्ही दोष देणार नाही. जमीन कुचकामी असल्याचे त्याला सरकारी दप्तरानेच सांगितले आहे.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्या आल्या. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की तिथे शिकारी पक्षी घटले आणि सरडे वाढले. ऐकायला बरे वाटते! पण ते सरडे अंगाने रोडावलेले होते, नरांच्या गळ्याखालच्या पंख्याचे रंग फिकटले होते आणि माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. पवनऊर्जा हवीच. माळ रिकामा आहे असे धरून ती उभारू नये, एवढेच आमचे म्हणणे.

बेडकांच्या तंगड्यांची निर्यात देशाने 1987 मध्ये थांबवली, ते फार मोलाचे झाले. खळग्यातल्या पाण्याला मात्र असे संरक्षण नाही. 2002च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या झाल्या आहेत. तुमच्या गावच्या वहीत सड्याचे पान आहे का, हे येत्या ग्रामसभेत विचारा. नसेल, तर मृगाच्या पहिल्या सरीपासून नोंदी सुरू करा. त्या कशा घ्यायच्या, याचा सविस्तर लेख अंकात आहे.