शंभर मीटरची पहिली परीक्षा पहिल्या पावलाआधीच

शिरोळ : शंभर मीटरची शर्यत दहा-बारा सेकंदांत आटोपते, पण ग्रामीण भागातील अनेक धावपटूंसाठी ती पहिले पाऊल पडण्यापूर्वीच संपलेली असते. वर्षभर फक्कीने आखलेल्या मातीच्या मैदानावर शिट्टीच्या इशाऱ्यावर धावलेला विद्यार्थी वरच्या स्पर्धेत जातो, तेव्हा स्टार्टिंग ब्लॉक, पिस्तुलाचा आवाज आणि एका चुकीत बाद करणारा नियम, या तिन्ही गोष्टी त्याच्यासमोर एकदमच येतात.

नियमानुसार ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतीत ब्लॉक व बैठा प्रारंभ सक्तीचा आहे. आरंभरेषेपासून आपल्याच तळपायाची साधारण दोन मापे मागे पुढची पाटी आणि तीन मापे मागे मागची पाटी, ही नवशिक्याची ढोबळ मांडणी. ‘सेट’ म्हणताच कंबर खांद्यांपेक्षा किंचित वर जाते आणि आवाज होताच दोन्ही पायांनी पाट्यांना रेटा दिला जातो. अंग एकदम ताठ झाले की हा रेटा वाया जातो. म्हणजेच ही उपजत वेगाची नव्हे, तर सरावाने येणारी विद्या आहे.

मातीत ती शिकता येत नाही असेही नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जेसी ओवेन्सने छोट्या खुरप्याने ट्रॅकवर खळगे करूनच प्रारंभ घेतला होता. ऑलिम्पिकमध्ये ब्लॉक आले ते १९४८ मध्ये, लंडनला.

नियम मात्र कठोर होत गेला. २००३ पूर्वी प्रत्येक धावपटूला एक चूक माफ होती. त्या वर्षापासून संपूर्ण शर्यतीत मिळून एकच चूक माफ होऊ लागली आणि २०१० पासून तीही सवलत संपली. २०११ च्या देगू जागतिक स्पर्धेत शंभर मीटरच्या अंतिम फेरीतून खुद्द उसेन बोल्ट बाद झाला. आवाजानंतर ०.१०० सेकंदाच्या आत हालचाल झाली, तरी ती चूकच धरली जाते.

या नियमाची दुसरी बाजू २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत दिसली. शंभर मीटर अडथळा शर्यतीत चीनची वू यान्नी आधी सुटली. तिच्या पाठोपाठ हललेल्या ज्योती याराजीलाही पंचांनी बाद ठरवले. ज्योतीने जागेवरच आक्षेप घेतला. अखेर दोघींनाही धावू देण्यात आले, नंतर वू बाद झाली आणि ज्योतीचे कांस्य रौप्यात बदलले. दुसऱ्याच्या चुकीमुळे हललेला खेळाडू दोषी ठरत नाही, हे ठाऊक नसलेला तालुक्यातील मुलगा अशा वेळी मुकाट्याने मैदानाबाहेर जाईल.

शिरोळसारख्या तालुक्यात अडचण आणखी वेगळी आहे. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगेच्या या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात पाय धरून ठेवते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी तर निम्मा तालुका वेठीस धरला. नेमक्या याच मोसमाच्या आगेमागे शालेय स्पर्धांची तयारी करावी लागते.

प्रश्न केवळ पदकांचाही नाही. पोलीस शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत शंभर मीटरला १५ गुण आहेत. तेथे टप्पा थोडक्यात हुकला तरी गुण जातात आणि गुणांवर नोकरी ठरते. ब्लॉक नसले तरी पहिल्या काही पावलांचे तंत्र तेथेही तितकेच मोलाचे ठरते.

प्रारंभ म्हणजे सर्वस्व नव्हे. पॅरिस २०२४ मध्ये नोआ लाइल्स आवाजाला प्रतिसाद देण्यात सर्वांत मंद ठरलेल्यांपैकी होता, तरीही तो पाच हजारांश सेकंदाने जिंकला. मात्र मागे पडून भरून काढण्याइतका वेग फार थोड्यांकडे असतो. इतरांना हे अंश सरावातूनच मिळवावे लागतात.

उपायासाठी कृत्रिम ट्रॅकची वाट पाहण्याचे कारण नाही. तालुक्यात फिरते ठेवता येतील असे ब्लॉकचे काही संच, क्रीडाशिक्षकांसाठी प्रारंभाचे व नियमांचे प्रशिक्षण आणि तालुका स्पर्धेपासूनच वरच्या स्पर्धेसारखी प्रारंभपद्धती, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. खो मिळण्यापूर्वी उठायचे नाही आणि मिळाल्यावर क्षणही दवडायचा नाही, हे खो-खोने येथील मुलांना केव्हाच शिकवले आहे. तेच भान ट्रॅकवर नेण्याचे काम मोठ्यांचे आहे.