दम लागणे म्हणजे म्हातारपण नव्हे!

मुलांनो, तुमच्या घरी हापशीवरून पाणी आणताना कोणी मधेच थांबतं का? रोज सकाळी उठल्याबरोबर कोणी खोकतं का? विचारलं तर आमच्या कामठ्यात उत्तर ठरलेलं, "वय झालं न बापा, दम लागतेच!"

पण वयानं केस पिकतात. चार पावलांत धाप लागणं हे काही वयाचं काम नाही. ती कधी हृदयामुळे लागते, कधी रक्त कमी असल्यामुळे, आणि पुष्कळदा फुप्फुसांच्या एका जुनाट आजारामुळे. डॉक्टर त्याला 'सीओपीडी' म्हणतात. यात श्वासनळ्या सुजून अरुंद होतात. हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही.

"पण आमची आजी तर बिडीला हातसुद्धा लावत नाही," असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, पण ती चूल फुंकते ना? पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात याच विषयावर लेख लिहिला. तेव्हा जगात तंबाखू ओढणारे होते सुमारे 101 कोटी, आणि लाकूड, गोवऱ्या, काडीकचरा यांच्या धुरात राहणारे सुमारे 300 कोटी! आता त्यात राईस मिलची धूळ, बंद खोलीतली डासांची अगरबत्ती आणि पूर्वी होऊन गेलेला क्षयरोगही धरा.

हा आजार सुरुवातीला एक्स-रेतसुद्धा बहुधा दिसत नाही. त्यासाठी फुंकून पाहण्याचं यंत्र आहे, स्पायरोमीटर. लंडनच्या जॉन हचिन्सननं 1846 मध्ये त्याची माहिती जगापुढे मांडली. सुई नाही, रक्त नाही! छातीभर श्वास घ्यायचा आणि नळीत जोरानं फुंकायचं, निदान सहा सेकंद. निरोगी माणूस पहिल्याच सेकंदात शंभरातले सत्तरहून जास्त भाग हवा बाहेर टाकतो. औषध ओढल्यावरही आकडा सत्तरच्या खाली राहिला, तर डॉक्टर सावध होतात.

घाई कशासाठी? गेलेली फुप्फुसं परत येत नाहीत म्हणून. मात्र धूर वेळेवर थांबला तर पुढची घसरण मंदावते, आणि तोंडात ओढायच्या पंपानं दम हलका होतो. (पंपाची सवय लागते म्हणे! कोणी ही अफवा उठवली, कोण जाणे.)

घरी घड्याळ घेऊन एक गंमत करा. बाबांना तोंड उघडं ठेवून सगळा श्वास जोरानं बाहेर सोडायला सांगा. तीन-चार सेकंदांत संपला तर ठीक. सहाच्या पुढे गेला, तर छातीच्या डॉक्टरांना गाठा. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही चौकशी करता येईल. ही काही खरी तपासणी नव्हे हं! आणि हृदयाचा त्रास असलेल्यांना किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्यांना हे करायला लावू नका.

आणि आजीसोबत दवाखान्यात तुम्हीही जा. डॉक्टर विचारतील, "बिडी ओढता का?" आजी "नाही" म्हणून गप्प बसेल. तेव्हा तुम्ही सांगायचं, "डॉक्टरसाहेब, ही चाळीस वर्षं चुलीपुढे बसली आहे."