फिन हवी? आधी होडीच्या मेस्तकडे जा

मंडळी, आश्वेच्या लाटांवर आता आपल्या पेडण्याची पोरंही सर्फिंग करतात, बरं वाटतं. माझा भाचा तर बोर्ड घरीच बनवतो. फिन मात्र परदेशातून मागवायला निघाला, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, आधी मेस्तकडे जा."

टॉम ब्लेकने १९३५ साली बोर्डाला पहिली फिन लावली, तीसुद्धा एका मोडक्या मोटरबोटीची काढलेली. म्हणजे ही विद्या मुळात होडीचीच!

आमच्या होड्यांना फायबर चढवणाऱ्या मेस्तने काचेवर मेण चोळलं, रेझिनमध्ये भिजवत कापडाचे सुमारे ३० थर दिले. "हार्डनर बेताने घाल, नाहीतर उन्हात वाटीतच धूर येईल," हे त्यानेच शिकवलं. ६ मिलिमीटरची फळी झाली. भाच्याने ती कापून घासली: बाजूच्या फिना आतून सपाट, बाहेरून फुगीर, मधली दोन्हीकडून सारखी.

मेस्त मात्र आयुष्यभर तोंडाला काही न बांधता फायबर घासत आला. आता रात्री खोकतो. त्याचा मुलगा या धंद्यात आला नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: फिन इथेच करा, पण शिकवणाऱ्याला पुरती मजुरी द्या. आणि जाताना दोन चांगले मास्क न्या, एक त्याच्यासाठी.