अयस्कान्त, वाताष्ठीला आणि आपण

खानदेशात वैशाखात लघवीला जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून धण्या-जिऱ्याचे पाणी देण्याची रीत आहे. परंतु पन्नाशी ओलांडलेला पुरुष रात्री चार वेळा उठतो, मूत्रधार बारीक होते, थेंब थेंब गळतो, तेव्हा ती उन्हाळी नव्हे. असे रुग्ण जळगाव-धुळ्याकडे आता कमरेला चुंबकीय पट्टा बांधून आलेले आम्ही पाहतो. ‘विनाशस्त्रक्रिया चुंबकीय उपचार’ या शब्दांनी त्यांना भुरळ घातलेली असते.

चुंबकीय उत्तेजन ही शास्त्रीय पद्धती आहे, हे आम्ही नाकारीत नाही. खुर्चीतील वेटोळ्यातून विद्युत्प्रवाहाचे स्पंद सोडले की बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे श्रोणितलाच्या मज्जातंतूंत सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो व स्नायू आकुंचन पावतात. अशा खुर्चीस अमेरिकेत 1998 मध्ये स्त्रियांच्या मूत्रगळतीसाठी मान्यता मिळाली. पुरुषांत, विशेषतः प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गळतीत, तिचे लहान अभ्यास झाले आहेत. मात्र वाढलेली ग्रंथी तिने लहान होते, असे सिद्ध झालेले नाही. पेसमेकर असलेल्यास तर ती वर्ज्यच. पट्ट्यातील स्थिर चुंबकात असा स्पंदच नसतो. मग खुर्चीचे श्रेय पट्ट्यास कसे द्यावे?

काही बंधू येथे सुश्रुतसंहितेतील अयस्कान्ताचा दाखला देतात. तो सूत्रस्थानात शल्य बाहेर काढण्याच्या उपायांत आला आहे, मूत्राघाताच्या चिकित्सेत नव्हे. मूत्राघाताचे बारा प्रकार उत्तरतंत्रात स्वतंत्र वर्णिले असून वाताष्ठीला त्यांतीलच आहे. ग्रंथाच्या नावावर चुंबक विकणे हा ग्रंथाचाच अवमान होय.

औषधी दुकानदारांनी एवढे ध्यानात ठेवावे की, आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या 1954 च्या कायद्याच्या अनुसूचीत प्रोस्टेटचे विकार समाविष्ट आहेत. ‘हमखास गुण’ अशी पाटी लावणे म्हणजे कारवाई ओढवून घेणे.

खरा धोका मात्र कालहरणाचा आहे. सतत गळणारे मूत्र हे कित्येकदा तुडुंब भरलेल्या मूत्राशयाचे लक्षण असते. ओटीपोटावर हात ठेवल्याखेरीज गोक्षुरादी गुग्गुळाची चिठ्ठीही लिहू नये, मग पट्टा दूरच. मूत्रावरोध, मूत्रातून रक्त वा ज्वर असल्यास रुग्णास विनाविलंब जिल्ह्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे पाठवावे. बस्ती हे सद्यःप्राणहर मर्म होय, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकलो. ते गल्ल्यावर बसल्यावरही विसरू नये, एवढीच आमची विनंती.