शब्दाचा अर्थ आणि शब्दाचा वापर



तुमच्यापैकी बरेच जण रोज इंग्रजीचे दहा शब्द पाठ करतात. वहीच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि शनिवारी चाचणी. मीही शाळेत असताना हेच केले. पण शिकवायला लागल्यापासून माझे मत बदलले. अर्थ पाठ झाला म्हणजे शब्द आला, असे मला आता वाटत नाही.

रमजानचे दिवस होते. नववीच्या चाचणीत मी एक वाक्य दिले, 'ही ऑब्झर्व्ह्ड अ फास्ट.' एका मुलाने भाषांतर केले, 'त्याने वेगाने पाहिले.' वर्गात हशा पिकला. मला मात्र त्याच्या उत्तरावर फुली मारवेना. ऑब्झर्व्ह म्हणजे पाहणे आणि फास्ट म्हणजे वेगवान, हे दोन्ही अर्थ त्याच्या वहीत होते. ते मीच लिहून दिले होते! ऑब्झर्व्ह म्हणजे पाळणे आणि फास्ट म्हणजे उपवास, हे मी सांगितलेच नव्हते. 'त्याने रोजा ठेवला' एवढाच त्या वाक्याचा अर्थ. तो मुलगा स्वतः त्या दिवशी रोजा ठेवून शाळेत आला होता.

हा ऑब्झर्व्ह शब्द आता आपल्या गावाजवळच आला आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे 'लिगो इंडिया' हा प्रकल्प होत आहे. केंद्र सरकारने 2016 साली त्याला तत्त्वतः मान्यता दिली आणि 2023 साली सुमारे 2600 कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. काटकोनात असलेल्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या साहाय्याने तेथे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपल्या जातील. लिगो हे नाव इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे आहे. त्यातले शेवटचे अक्षर ऑब्झर्व्हेटरी या शब्दाचे. मराठीत वेधशाळा, उर्दूत रसदगाह. गावात सगळे लिगो, लिगो म्हणतात; पण त्या अक्षरांमागे कोणते शब्द आहेत, हे विचारणारा मुलगा मला अजून भेटायचा आहे.

आता माझीच एक फजिती सांगतो. बी.एड. करत असताना सराव पाठासाठी मला मराठी माध्यमाच्या वर्गावर पाठवले होते. मी फळ्यावर तारीख लिहिली आणि म्हणालो, 'मुलांनो, आपापली कॉपी काढा.' सगळा वर्ग हसू लागला. मागे बसलेले निरीक्षकही हसले. आपण उर्दूत वहीला कापी म्हणतो. मराठी मुलांना कॉपी म्हटले की परीक्षेतली चोरी आठवते. इंग्रजीत कॉपी म्हणजे नक्कल किंवा प्रत. शब्द एकच, पण तीन घरी राहून तो तीन प्रकारचा झाला. हॉटेलचेही तसेच. आपल्याकडे चहा आणि भजी मिळतात ते हॉटेल. परगावचा यात्रेकरू एसटी स्टँडवर उतरून हॉटेल विचारतो तेव्हा त्याला कदाचित मुक्कामाची खोली हवी असते. आपण त्याला चहाच्या टपरीवर नेऊन बसवतो.

यात हसण्यासारखे पुष्कळ आहे. पण एकदा मी फार घाबरलो होतो. आठवीतल्या एका मुलीच्या घरी गेलो होतो. तिच्या दादीच्या अंगाला खाज सुटत होती. डॉक्टरांनी दिलेली बाटली समोर होती आणि अम्मीने चमचा भरला होता. मी म्हणालो, 'बेटी, बाटलीवर काय लिहिले आहे ते वाच.' तिने न अडखळता वाचले, 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली.' अर्थ विचारला, तोही तिने लगेच सांगितला, 'फक्त बाह्य उपयोगासाठी.' शाळेत मी तिला पूर्ण गुण दिले असते. मग मी विचारले, 'म्हणजे काय करायचे?' ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, 'सर, घराच्या बाहेर घ्यायचे असेल.'

ते औषध कातडीवर लावायचे होते, पोटात घ्यायचे नव्हते. मी अम्मीच्या हातातला चमचा खाली ठेवायला लावला.

त्या मुलीची चूक मी मानत नाही. आम्ही तिला एका अनोळखी शब्दाच्या जागी दुसरा अनोळखी शब्द दिला होता. तिला 'बाह्य' हा मराठी शब्द तरी कोठे माहीत होता? 'ऊपर से लगाने की दवा' असे कोणी तिच्या भाषेत सांगितले असते, तर ती विसरली नसती. काही शिक्षक म्हणतात की परीक्षेत अर्थच विचारतात, मग बाकीचे कशाला? परीक्षेपुरते त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पाठांतर सोडा, असे मीही म्हणणार नाही. स्पेलिंग पाठच करावे लागते, त्याला दुसरा उपाय नाही. पण शब्द कोठे सापडला आणि तेथे तो काय सांगतो, हे वहीत नसेल तर ती वही अर्धीच आहे.

म्हणून या आठवड्यात पुस्तकातले शब्द नकोत. घरातली औषधाची बाटली, अब्बांचे बँकेचे पासबुक, खताची पिशवी, जे हाती येईल ते पाहा. त्यावरचे पाच शब्द लिहून आणा. शब्दाखाली तो कशावर होता ते लिहा. मग त्याचे काम उर्दूत सांगा आणि मराठीत एक वाक्य करा. बँकेच्या फॉर्मवरचा 'मायनर' कोणी आणला, तर 'किरकोळ' असे लिहू नका. तेथे तो शब्द तुमच्याबद्दल आहे. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्यांना बँक मायनर म्हणते.