कागेरातली भट्टी आणि तुटणारी साखळी

टांझानियाच्या वायव्य कोपऱ्यातला कागेरा प्रांत बातम्यांत येतो तो बहुधा आजारामुळे. मार्च २०२३ मध्ये तिथे मारबर्ग विषाणूची साथ आली, सहा जण दगावले. जानेवारी २०२५ मध्ये ती पुन्हा आली, तेव्हा दहा. टांझानियातले एड्सचे पहिले रुग्णही १९८३ साली याच प्रांतात सापडले होते. १९८७ च्या पाहणीत बुकोबा शहरातल्या प्रौढांपैकी सुमारे २४ टक्के एचआयव्हीबाधित निघाले. आम्हा डॉक्टरांना कागेरा माहीत आहे तो असा, आकड्यांतून.

पीटर श्मिट या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाची त्याच्याशी ओळख वेगळी. १९७० च्या सुमारास ते व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या हाया लोकांत राहून म्हाताऱ्यांच्या तोंडच्या कथा टिपत होते. कातुरुका गावातल्या एका जुन्या झाडापाशी राजा रुगोमोरा माहे याने आभाळापर्यंत पोचणारा लोखंडी मनोरा उभारला होता, अशी एक कथा. श्मिट यांनी ती हसण्यावारी नेली नाही. त्यांनी तिथेच खणले आणि लोहारकामाचे अवशेष मिळाले. सोबतच्या कोळशाचे वय इसवी सनापूर्वी ५०० च्या आसपास निघाले. जुन्या लाकडाच्या कोळशामुळे असे वय फुगते, हा आक्षेप रास्तच आहे. पण कथेने दाखवलेली जागा खरी ठरली.

युरोपचे स्वस्त लोखंड आल्यावर हायांच्या भट्ट्या विझून अनेक दशके लोटली होती. १९७६ मध्ये श्मिट यांच्या विनंतीवरून गावातल्या वृद्धांनी आठवून आठवून भट्टी पुन्हा उभारली. वारुळाची माती, जळलेले दलदलीतले गवत, लाकडी कोळसा, शेळीच्या कातड्याचे भाते आणि भट्टीत आतपर्यंत घातलेल्या मातीच्या नळ्या. सुरुवातीचे प्रयत्न फसले, मग पोलाद निघाले. १९७८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात श्मिट आणि डोनाल्ड एव्हरी यांनी लिहिले, की नळ्यांतून जाताना हवा आधीच तापते आणि भट्टी १८०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. हवा खरोखर इतकी तापते का, यावर धातुतज्ज्ञांनी पुढे बरीच टीका केली. पण हे कसब आफ्रिकेत होते आणि ते म्हाताऱ्यांच्या हातात आणि आठवणीत टिकून होते, यात शंका उरली नाही.

मग एड्स आला. त्याने मुख्यतः कर्ती पिढी नेली. सांगणारे आजोबा आणि ऐकणारी नातवंडे यांच्यामधला दुवाच निखळला. २००८ नंतर कातुरुकाच्या गावकऱ्यांनी आपला वारसा जपायचे ठरवले आणि श्मिट यांची मदत घेतली, तेव्हा कथा जाणणारे कितीतरी जण हयात नव्हते. साथीच्या अहवालात मृत्यू मोजले जातात. न सांगितलेली गोष्ट कुठल्याच तक्त्यात येत नाही.

हे आत्ता सांगायचे कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. टांझानियासारख्या देशांचा एचआयव्ही कार्यक्रम तिच्यावर फार मोठ्या प्रमाणात उभा होता. नंतर काही सूट मिळाली, तरी व्हायची ती विस्कळीतता झालीच. या गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा डोके वर काढतो, हे एआरटी केंद्रात काम केलेला कोणीही सांगेल. बुकोबातले बाधितांचे प्रमाण १९९६ पर्यंत सुमारे १३ टक्क्यांवर आले, ते वर्षानुवर्षे सातत्याने काम झाल्यामुळे. असे सातत्य तोडायला एक आदेश पुरतो.

श्मिट यांच्या कामातून आमच्या पेशाने घ्यावे असे एक आहे. ओपीडीत घाई असते, म्हातारा रुग्ण लांबण लावतो, आपण त्याला मध्येच तोडतो. त्याचे म्हणणे अचूक असेलच असे नाही, ते तपासावेच लागते. पण कुठे खणायचे, हे पुष्कळदा त्यालाच ठाऊक असते.