मालकांना वेळ नाही

कारखान्यात दिवसाला नऊऐवजी बारा तास काम घेता येईल. पाच तासांनी मिळणारी विश्रांती सहा तासांनी मिळेल. तिमाहीतला ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४ वर जाईल, अर्थात कामगाराच्या लेखी संमतीने. (कंत्राटी कामगार ही संमती नाकारू शकतो असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा पहाटे एमआयडीसीच्या फाटकावर उभे राहून पाहावे.) राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये हे मंजूर केले. गुंतवणूक यावी, उद्योग अडू नयेत, हे कारण. उत्पादन वाढवायचे तर ताणायची कामगाराची पाळी, हे त्यात गृहीतच.

याच राज्यातल्या तारापूरमध्ये आणि हद्दीपलीकडच्या उंबरगावात २००८ पासून काही कापड कारखान्यांवर एक प्रयोग झाला. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तिथे सल्लागार पाठवले. त्यांनी पाळी लांबवली नाही. गोदाम उघडले. सुताची पोती इतकी रचलेली की मागच्या पोत्यापर्यंत हात पोचू नये. रंग आणि जाती एकमेकांत मिसळलेल्या. कोन चेपलेले, म्हणजे ते सूत पुन्हा गुंडाळणे आले. सल्लागारांनी साठा लावून घेतला, त्याच्या नोंदी सुरू केल्या, माग बिघडण्याआधी तपासायची सवय लावली. वर्षभरात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

एवढे सोपे होते तर आधीच का झाले नाही? बऱ्याच मालकांना आपला कारभार ठीक चालला आहे असेच वाटत होते. पण याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती जास्त बोचरी आहे. कारखाना किती मोठा होणार, याचा सगळ्यांत ठळक संबंध मालकाच्या घरात किती पुरुष आहेत याच्याशी निघाला. मुलगे, भाऊ जितके, तितका पसारा. बाहेरच्या व्यवस्थापकाच्या हाती तिजोरी आणि निर्णय द्यायचा विश्वास नाही. त्याने हात मारला तर कोर्टात वर्षे जाणार. उत्पादकतेची मर्यादा अशी मालकाच्या घरात ठरते. ती हलवायची तर कोर्टाच्या तारखा कमी कराव्या लागतील. त्यापेक्षा कामगाराची विश्रांती तासभर पुढे ढकलणे केव्हाही सोपे.

संशोधक नऊ वर्षांनी त्याच कारखान्यांत परत गेले. सल्ला न मिळालेल्या कारखान्यांपेक्षा ते अजून पुढेच होते, पण लावून दिलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. कारणे विचारली तेव्हा दोन पुन्हा पुन्हा पुढे आली. व्यवस्थापक बदलले, हे एक. दुसरे, मालकांना वेळ मिळत नव्हता.